महादेवप्पांचा मरणोत्तर प्रवेश

लातूरहून अँब्युलन्स निघाली तेव्हा सुमनबाईंच्या डोक्यात एकच विषय होता, आणि तो त्यांना दिवस मावळायच्या आत शाखेपुढं मांडायचा होता.

विषय मागं स्ट्रेचरवर होता. महादेवप्पा सकाळी चहा मागून, चहा यायच्या आत गेले होते. पुढं ड्रायव्हरशेजारी पुतण्या श्रीशैल बसला होता. उदगीरला त्याचं किराणा दुकान. त्यामुळं दुःखातही त्याला मिठाच्या पोत्यापासून सुतळीपर्यंत सगळं आठवत होतं. तो फोनवर गावातल्या माणसांना खड्ड्याचं सांगत होता. महादेवप्पा लिंगायत. लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. तेव्हा खड्डा किती खोल घ्यायचा, हे माणूस बसल्यावर केवढा भरतो त्यावर ठरतं.

"काकू, काका बसल्यावर केवढे?" त्यानं मागं वळून विचारलं.

सुमनबाईंनी जरा विचार केला. "आपल्या पुढच्या खोलीची खिडकी हाय ना, तिच्या दुसऱ्या गजाला टाळू लागायची."

श्रीशैलनं ते माप जसंच्या तसं फोनवर सांगितलं. पलीकडच्या माणसाला ते लगेच कळलं. त्या खिडकीखाली बसलेले महादेवप्पा गावानं वीस वर्षं पाहिले होते.

ते तिथं का बसत, हे सांगायचं तर गावाच्या राजवटीपासून सुरुवात करावी लागते.

गाव टाकळगव्हाण, तालुका नायगाव, जिल्हा नांदेड. पण तालुक्यात या गावाला 'रशिया' म्हणत. एसटीचे कंडक्टर "रशियाचं कोन कोन हाय?" असं विचारत आणि माणसं निमूट हात वर करत. खरा रशिया मोडला त्याची बातमी इथंही आली. शाखेनं ती ऐकून घेतली आणि पुढचा विषय घेतला, पाण्याच्या टाकीचा. दुष्काळी कामावरच्या मजुरीच्या भांडणातून या गावात लाल बावटा आला होता. मग ग्रामपंचायत त्याच्या हाती आली आणि पुढं तीसेक वर्षं राहिली. सरपंच पंचायतीत बसे, पण राज्य करायची शाखा. शाखा म्हटल्यावर भलतीच शाखा डोळ्यांपुढं आणू नये, ही पक्षाची. पाण्याच्या पाळ्या शाखा ठरवी. देवळाचा भोंगा कधी बंद व्हावा आणि विहाराचा कधी, ते शाखा ठरवी. कुणी दारू पिऊन बायकोला मारलं तर त्याला पिंपळाखाली उभं करून शाखा जाब विचारी. गावातल्या एका मारक्या रेड्यावर दोन बैठका झाल्या होत्या. इराकवर बाँब पडले तेव्हा शाखेनं कडक शब्दांत निषेध केला. अमेरिकेनं हल्ला थांबवला नाही, पण तो अमेरिकेचा प्रश्न होता.

लग्नंही शाखाच लावी. शाखेचे सेक्रेटरी लिंबाजी, बौद्धवाड्यातले. महादेवप्पा त्यांचे जिवाभावाचे दोस्त. उदगीरच्या कापडवाल्या घरातून पळून येऊन पक्षात राबणारे. लिंबाजींच्या धाकट्या बहिणीवर, सुमनवर, महादेवप्पांचं मन बसलं तेव्हा त्यांनी आधी सुमनला विचारलं आणि मग शाखेकडं अर्ज केला. शाखेत चर्चा झाली. जात मोडायच्या दृष्टीनं हे लग्न योग्य आहे, असं ठरलं. प्रेमाचा उल्लेख कुणी केला नाही, कारण तो विषय कुणी मांडला नव्हता. बावट्याखाली उभं राहून दोघांनी शपथ घेतली की एकमेकांशी आणि पक्षाशी इमान राखू. दोन्ही इमानं एकाच दमात घेतली, त्यामुळं त्यातलं आधीचं कोणतं, हे विचारायचं राहून गेलं.

उदगीरकरांनी महादेवप्पांचं नाव टाकलं. फक्त त्यांची आई, दानम्मा, म्हातारपणी एक दिवस गाठोडं घेऊन आली आणि "आता हितंच मरते" म्हणाली. म्हटल्याप्रमाणं लगेच मेली नाही. सुमनच्या हातचं खाऊन चार वर्षं जगली. तिचं अंथरूण-पांघरूण, हागणं-मुतणं सुमननं काढलं. शेवटी म्हातारीनं मुलाकडं एकच मागितलं. तिच्या डोक्यावर जंगमाचा पाय पडावा, आणि मुलानं भस्म लावून, समोर बसून सगळं रीतीनं करावं. जंगम म्हणजे लिंगायतांचे स्वामी. महादेवप्पा तेव्हा सरपंच होते. लाल बावट्याचा सरपंच भरल्या गावासमोर कपाळावर भस्माचे पट्टे ओढून बसला, जंगमाचे पाय धुतले आणि ते पाणी प्याला.

आठ दिवसांत बैठक लागली. महादेवप्पांच्या घराच्या पुढच्या खोलीतच लागली, कारण पक्षाचं ऑफिस तीच खोली होती. अध्यक्षस्थानी महादेवप्पाच, कारण त्या महिन्याची पाळी त्यांची होती. नियम सरळ होता. पक्षाचा माणूस कर्मकांडाला बसला तर त्याला पक्षात जागा नाही. परत यायचं तर चूक झाली म्हणून कबूल करायचं. याच नियमानं मागं रामकिशन नावाच्या सभासदाला काढलं होतं. त्याचं पोर तापानं फणफणत होतं आणि त्यानं मरीआईला बकरं दिलं होतं. रामकिशनच्या विरोधात सगळ्यांत जास्त बोलल्या होत्या सुमनबाई.

महादेवप्पांनी स्वतःच विचारलं, "काढावं म्हणणारे हात वर करा."

हात वर झाले. सुमनबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. दारात रामकिशनची बायको उभी राहून बघत होती. सुमनबाईंनी हात वर केला. महादेवप्पांनी सगळे हात मोजले, बायकोचाही मोजला, आपल्याला पक्षातून काढल्याचं जाहीर केलं, आणि बैठकीत बाहेरच्या माणसानं बसायचं नसतं म्हणून स्वतःच्या घरातून उठून बाहेर गेले. जाताना म्हणाले, "च्या ठिवू का?"

तेव्हापासून ती खिडकी. दर बैठकीला महादेवप्पा बाहेर खिडकीखाली बसत आणि गजांतून चहाचे कप आत देत. आतलं सगळं त्यांना ऐकू येई. एकदा आत चर्चा भलत्याच वळणावर गेली तेव्हा ते खोकले. लिंबाजींनी आतून बजावलं, "बाहेरच्यानं खोकायचं न्हाई."

चहा मात्र लिंबाजी दोन कप घेत.

लोकांना वाटे, हे नवराबायको आतून तुटले असणार. तसं काही नव्हतं. एकच चूल होती, एकच अंथरूण होतं. भाकरीचा वरचा पापुद्रा महादेवप्पा सोलून तिच्या ताटात टाकत, तिला तो आवडतो म्हणून. त्या वर केलेल्या हाताचा विषय दोघांनी कधी काढला नाही. महादेवप्पांनी कधी "चूक झाली" म्हटलं नाही, कारण त्यांच्या मते झाली नव्हती. सुमनबाईंनी त्यांना परत घ्या असं कधी मांडलं नाही, कारण मागणी ज्याची त्यानं करायची असते. असे दोघं आपापल्या जागी बसून म्हातारे झाले.

आणि मग परवा दुपारी, लातूरच्या दवाखान्यात, नाकात नळी असताना महादेवप्पांनी मागणी केली.

"सुमे, मला बावटा मिळंल का गं?"

पक्षाचा माणूस गेला की त्याच्या अंगावर लाल बावटा घालतात. बाहेरच्याला नाही. दुसरी एखादी बायको असती तर "मिळंल की" म्हणून मोकळी झाली असती. मरणाऱ्याशी खोटं बोललेलं कुठं धरतात. सुमनबाई म्हणाल्या, "शाखेत मांडते."

महादेवप्पा हसले. हसताना धाप लागली. "मांड," ते म्हणाले. "पर चूक झाली म्हणून नको मांडू."

अहमदपूर मागं पडलं. नरसीच्या अलीकडं श्रीशैलनं विचारलं की काकू, तुम्हाला आमच्या रीतीची काही अडचण नाही ना. नाही म्हणजे तुमच्यात जाळतात. सुमनबाई म्हणाल्या, मातीत जाऊ देत, त्यांची आई तिथंच हाय. मला फक्त त्याच्याआधी जरा वेळ लागंल. श्रीशैलला वाटलं, काकूंना रडायला वेळ हवा असेल.

गावात आता ती राजवट राहिली नव्हती. पंचायत दुसऱ्यांच्या हाती गेली होती. त्यांनी मांडव आणि खुर्च्या पाठवल्या होत्या, खुर्च्यांवर त्यांच्या पुढाऱ्याचं नाव होतं. शाखेतले बरेचसे मेले, उरलेले पोरांकडं पुण्याला गेले. शिल्लक तिघं. लिंबाजी, सुमनबाई, आणि कमलम्मा. कमलम्मा धर्माबादच्या पलीकडून, तेलंगणातून, सून होऊन आलेल्या. जन्मभर शेतमजूर बायांना घेऊन लढल्या. मराठी बोलताना मध्येच त्यांचं तेलुगू निघे आणि भांडताना निव्वळ तेलुगू उरे.

दानम्मांच्या मातीपासून पुन्हा येणंजाणं सुरू झालेल्या उदगीरकरांनी महादेवप्पांना आंघोळ घातली. अंगणात पाटावर मांडी घालून बसवलं, पाठीला फळी लावून धोतरानं बांधलं. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, झेंडूचा हार. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. नायगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारा तरुण जंगम, शिवप्रसाद स्वामी, मोटारसायकलवरून येऊन पायरीवर बसला होता. महादेवप्पा अंगणात असे ताठ बसले होते, जसं काही सगळ्यांना गप्प करून आता बोलायला सुरुवात करणार.

लिंबाजी त्यांच्या पायांशी मातीत बसून होते. डोळे सुजले होते. सुमनबाई जवळ जाऊन हळू म्हणाल्या, "दादा, तातडीची बैठक घे."

लिंबाजींनी उपरण्यानं नाक पुसलं. "विषय?"

"आप्पांचा प्रवेश."

लिंबाजींनी आधी बहिणीकडं पाहिलं, मग मेलेल्या दोस्ताकडं. मग उठले. "कमलम्माला हाक मार," म्हणाले. "कोरम लागतो."

अंगणात माणसं मातीला थांबलेली आणि ही तिघं आत जाऊन दार लोटून घेतात, हे उदगीरच्या पाव्हण्यांना कळेना. गावातल्यांनी त्यांना समजावलं की मीटिंग चालू आहे. म्हणजे संपेपर्यंत बसा.

आत लिंबाजी सेक्रेटरीच्या जागी बसले आणि त्यांचा आवाज बदलला. ते म्हणाले, प्रवेशाची मागणी ज्याची त्यानं करायची असते. सुमनबाई म्हणाल्या, केली आहे, तोंडी, माझ्यापाशी, लातूरच्या दवाखान्यात. लिंबाजींनी ते मान्य केलं. मग त्यांनी जो प्रश्न विचारायचा तो विचारला.

"चूक झाली म्हणाला का त्यो?"

दवाखान्यात तिसरं कुणी नव्हतं. सुमनबाईंनी नुसतं "हाव" म्हटलं असतं तरी विषय संपला असता. ते लिंबाजींनाही ठाऊक होतं. त्यांनी प्रश्न जरा सावकाशच विचारला होता, म्हणजे विचार करायला सवड मिळावी.

"न्हाई," सुमनबाई म्हणाल्या. "तसं मांडू नको म्हणले."

लिंबाजींनी डोळे मिटले. "मग मी कशावर घेऊ त्याला? अन् हे बघ." त्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. महादेवप्पांचं कपाळ तिथून नीट दिसत होतं. "ज्याच्यासाठी काढलं, ते त्यो आत्ता ह्या घटकेला करून राहिला."

"अय्यो, ते कुठं करून राहिले," कमलम्मा म्हणाल्या. "मेलेत ते."

"कपाळ कुणाचं हाय?"

याचं उत्तर कमलम्मांनी तेलुगूत दिलं.

तेवढ्यात खिडकीत श्रीशैलचं तोंड आलं. उन्हाचं पाव्हण्यांना फार वेळ बसवणं त्याला बरं दिसत नव्हतं, म्हणून तो चौकशीला आला होता आणि त्यानं सगळं ऐकलं होतं. दुकानदार माणूस. त्याला यात भांडण दिसलं नाही, सौदा दिसला. तो म्हणाला, मामा, भस्म जरा वेळ पुसून घेऊ. कोऱ्या कपाळानं तुमचा बावटा घाला, घोषणा द्या, तुमचं सगळं होऊ द्या. मग आम्ही पुन्हा भस्म लावतो. त्यानं पायरीवरच्या स्वामीला विचारलं, चालतंय का? शिवप्रसाद म्हणाला, देवाला काय, अर्ध्या घंट्यानं बी चालतंय.

लिंबाजींच्या चेहऱ्यावर कितीतरी वेळानं रक्त आलं. "कपाळ कोरं असंल तर मी हात वर करतो," ते म्हणाले, आणि हे म्हणताना त्यांचा सेक्रेटरीचा आवाज फाटला.

कमलम्मा "सरे" म्हणाल्या. तेलुगूत त्याचा अर्थ बरं. उदगीरकर तयार, स्वामी तयार, पक्ष तयार. लिंगायत, बौद्ध आणि कम्युनिस्ट यांचं एकमत त्या अंगणात याआधी फक्त त्या मारक्या रेड्यावर झालं होतं. आता नुसतं कुणीतरी पुसायचं होतं, आणि तो हक्क बायकोचा, हेही सगळ्यांना पटलं.

सुमनबाईंनी फडकं ओलं केलं आणि बाहेर आल्या. माणसं बाजूला झाली. त्या नवऱ्यासमोर बसल्या.

भस्म वाळलं होतं. कपाळावरच्या सुरकुत्यांत ते बारीक तडकलं होतं. असंच त्यांनी ते एकदा पाहिलं होतं, दानम्मांच्या वेळी. तेव्हा त्या चौकटीला धरून उभ्या होत्या. आप्पा ते पाणी प्याले तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, बरं झालं. हे केलं नसतं तर हा माणूस पुढं घास गिळू शकला नसता. आणि आठ दिवसांनी त्यांनी हात वर केला होता. दोन्ही खरं होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांना ते दोन्ही एका वाक्यात सांगता आलं नसतं. आप्पांनी कधी विचारलं नाही. त्यांना बहुतेक ते न सांगता कळलं असावं, नाहीतर त्या दिवशी चहा कशाला विचारला असता.

मेलेला माणूस पुसू देतो. त्याला काहीही कबूल करायला लावता येतं. दवाखान्यात धाप लागली असतानाही जे म्हणायला ते तयार झाले नाहीत, ते आता एका ओल्या फडक्यानं त्यांच्याकडून म्हणून घेता आलं असतं, आणि त्यांनी डोळेही उघडले नसते.

फडक्यातून पाणी गळून महादेवप्पांच्या गुडघ्यावर पडलं. सुमनबाईंनी तेवढा गुडघा कोरडा केला आणि उठून आत गेल्या.

"पुसलं न्हाई," त्यांनी सांगितलं. "हायत तसे मांडते. कपाळासकट."

लिंबाजी सेक्रेटरीच्या जागेवरून उठले आणि भावाच्या आवाजात बोलले. "सुमे, का मला पेचात घालून राहिलीस? माझा कोन होता त्यो? जरासं पुसलं असतं तर मी..."

"तू हात वर केला असतास, दादा. ठाव हाय मला. पर मग पक्षात आलं असतं कोन? आप्पा न्हाई. दुसराच कुनीतरी, त्यांच्या तोंडाचा."

"अन् रामकिशनला काय सांगशील? त्याला काढताना सगळ्यांत जास्त तूच बोललीस."

हा घाव बरोबर बसला. रामकिशन त्या वेळी स्मशानात खड्डा खणत होता. गावात अजून खणता येणाऱ्यांत तो एक.

"त्याचं बी चुकलं न्हवतं," सुमनबाई म्हणाल्या. "माझं चुकलं. त्याचा बी विषय मांडते. आज आप्पांचा घे."

लिंबाजी पुन्हा जागेवर बसले. अध्यक्ष नेमायचा तर माणसं पुरत नव्हती, म्हणून त्यांनीच विचारलं, महादेवप्पांना हाय तसं पक्षात घ्यावं, बाजूनं कोण. कमलम्मांनी पदर खोचला आणि हात वर केला. सुमनबाईंनी वर केला. लिंबाजींचा हात मांडीवरच राहिला. त्या हाताकडं ते असे बघत होते की जणू तो आपणहून हलला तर त्यांची हरकत नव्हती. तो हलला नाही.

"मी विरोधात," ते म्हणाले. मग बाहेरून कुणी शंका काढायच्या आत स्वतःच पुढं म्हणाले, "बायकोचं मत धरायचं का, असं कुनी म्हणंल. काढताना धरलं होतं. घेताना बी धरावं लागंल. दोन विरुद्ध एक. मंजूर."

आता पक्षाची एक रीत आहे. बैठकीत वाट्टेल तेवढा विरोध करावा. पण एकदा ठराव झाला की तो विरोध करणाऱ्याचाही होतो, आणि त्यानं तो तोंड वाकडं न करता पार पाडायचा असतो. ही रीत लिंबाजींनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवली होती. कमलम्मा उठायला लागल्या तशी त्यांनी हातानं थांबवलं, पेटीतून बावटा काढला, दारात जाऊन झटकला आणि स्वतः घेऊन अंगणात गेले.

बावटा आडव्या माणसाच्या मापाचा होता. बसलेल्या माणसावर तो कसा घालायचा, याचा अनुभव पक्षाला नव्हता. लिंबाजींनी आधी समोरून घातला, तो मांडीवर घसरला. मग शालीसारखा खांद्यांवरून घेतला, तर वाऱ्यानं एक बाजू उडून स्वामीच्या तोंडावर गेली. शिवप्रसादनं ती धरून ठेवली. शेवटी लिंबाजींनी दोन्ही टोकं पुढं आणून महादेवप्पांच्या हातांखाली खोवली. डाव्या तळहातावर लिंग होतं, त्याला धक्का लागू नये म्हणून त्यांनी ते मनगट फार जपून उचललं, आणि जपून ठेवलं. मग दोन पावलं मागं येऊन, मूठ वर करून, त्यांनी आवाज दिला.

"कॉम्रेड महादेवप्पांना..."

"लाल सलाम," कमलम्मा आणि सुमनबाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा मांडवातल्या खुर्च्यांवरूनही आवाज आला. दहा वर्षं दुसऱ्या पक्षाला मतं देणारी माणसं होती ती, पण लहानपणची सवय. तिसऱ्यांदा श्रीशैलही म्हणाला आणि मग इकडंतिकडं पाहू लागला.

"आता माझं करू का?" शिवप्रसादनं विचारलं.

"करा," लिंबाजी म्हणाले.

स्वामीनं उजवा पाय उचलून महादेवप्पांच्या डोक्यावर टेकवला, अगदी हलका, आणि मंत्र म्हटले. लाल बावट्याच्या वर तो पाय फार गोरा दिसत होता. अशा वेळी पाठ फिरवून उभं राहायचं, ही शाखेची जुनी शिस्त. लिंबाजींनी पाठ फिरवली नाही. आत्ताच त्या माणसाला त्यांनी पक्षात घेतलं होतं.

ऊन उतरल्यावर त्यांना तसंच बसलेलं खांद्यांवर घेऊन स्मशानात नेलं. दानम्मांच्या शेजारीच खड्डा होता. बावटा मातीत जात नाही, तो पुढच्या माणसासाठी ठेवायचा असतो. तो लिंबाजींनी काठावर काढून घेतला. मग मीठ, भस्म, बेलाची पानं आणि माती. रामकिशन फावड्यानं माती ओढत होता. सुमनबाई त्याच्याजवळ गेल्या.

"रामकिशनभाऊ, पुढच्या बैठकीत तुमचा विषय घेतोय. तेव्हा माझं चुकलं."

रामकिशननं फावडं थांबवलं नाही. "मला नको तुमचा पक्ष," तो म्हणाला. "पोर माझं होतं, बकरं माझं होतं. तुमचं त्यात काय होतं?" आणखी दोन फावडी माती ओढल्यावर म्हणाला, "आप्पाचं केलं ते बरं केलं."

सुमनबाई मान हलवून बाजूला झाल्या.

माणसं हात धुऊन पांगली. उदगीरकर गाड्यांकडं गेले. लिंबाजी एका दगडावर बसून मांडीवर वही घेऊन लिहीत होते, उजेड आहे तोवर.

"नांदेडला कळवावं लागंल," ते वर न बघता म्हणाले. "जिल्हा कमिटी रद्द करंल हे."

"करू दे."

"भस्माचं लिहू का?"

"लिही की. कपाळावर भस्म होतं. शाखेनं बघितलं अन् घेतलं."

लिंबाजींनी तसंच लिहिलं. मग विरोधात कोण, त्या ठिकाणी त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, ठळक अक्षरात, कुणाला पुढं शंका राहू नये म्हणून. पेनाला टोपण लावलं. आणि मग ते तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे रडायला लागले.

सुमनबाई त्यांच्याशेजारी मातीत बसल्या. बैठक संपली असं अजून कुणी जाहीर केलं नव्हतं, म्हणून दोघं तिथंच बसून राहिले.